सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्हाला न विचारता सोमवारची तुमच्या यकृताची सोनोग्राफी ठरवली. रागवा, पण आधी पूर्ण वाचा. आत्याच्या वेळी आपण ‘काही दुखत नाहीये ना’ म्हणत थांबलो. यकृत लवकर दुखतच नाही, म्हणून मी या वेळी विचारत बसले नाही.

डॉक्टर ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणाले तेव्हा बाबांनी मान डोलावली, आई, तू मात्र माझ्याकडे बघत राहिलीस. यकृताच्या पेशी चरबी जाळताना ऑक्सिजनचे काही फार तापट रेणू सुटतात. एरवी पेशीतलं ग्लुटाथायोन त्यांना आवरतं. चरबी आणि सूज मुरली की ते पुरं पडत नाही, आणि ते रेणू डीएनएतलं ग्वानीन हे ‘अक्षर’ बिघडवतात. मग प्रत काढताना त्याच्यासमोर चुकीचं अक्षर बसतं. शुद्धलेखनाच्या वहीत माझी पहिल्या ओळीतली चूक पुढच्या नऊ ओळींत उतरायची, तसंच. बाबा, तुम्ही शेजारी खोडरबर घेऊन बसायचात. पेशीकडेही तसा खोडरबर असतो, पण मेलेल्या पेशींची जागा भरायला उरलेल्या घाईने विभागत असल्या की काही चुका निसटतात. कर्करोगाची सुरुवात अशा वर्षानुवर्षं साठलेल्या चुकांतून होऊ शकते.

बाबा, तुमचा सिऱ्होसिस, म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक होणं, हा कर्करोग नव्हे, हे मी शंभरदा सांगेन. पण दर सहा महिन्यांनी बघायचं, कारण 2 सेंटीमीटरपेक्षा लहान गाठ असली तर बहुतेकदा ती काढून किंवा जाळून टाकता येते.

तपासणीत सुई नाही, दुखणं नाही. पोटावर जेल लावतात, ते गार लागतं, म्हणून शाल घ्या. उपाशी राहावं लागतं, म्हणून मुद्दाम पहिली वेळ मागितली. एएफपीसाठी, म्हणजे यकृताच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाच्या तपासणीसाठी, वेगळं रक्त घेतील, तेवढंच टोचेल.

त्या अँटिऑक्सिडंट, म्हणजे तापट रेणूंना आवरणाऱ्या, कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवेपर्यंत बंद. त्या कॅप्सूलनी यकृताचा कर्करोग टळतो असं सिद्ध झालेलं नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे असंच एक अँटिऑक्सिडंट दिलं होतं. 1994 साली निकाल आले तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला दिसला. बाबा, पैसे वाया गेले म्हणून बाटली संपवायची नाही. दारू थेंबभरही नाही, लग्नकार्यातसुद्धा. आई, तू त्यांना ओरडू नकोस, ते मी करेन.

मी रविवारी रात्री पोचते. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा, आणि आई, जागी राहू नकोस, किल्ली माझ्याकडे आहे.

तुमची,
छकुली