सी भाषेतला पॉइंटर: अर्धे शिकवलेले, पुरते अडलेले

महोदय,

सोलापुरात मी गेली बरीच वर्षे पदविका आणि अभियांत्रिकीच्या मुलांना सी भाषा शिकवतो. मागच्या सत्रात एका तोंडी परीक्षेत माझ्या विद्यार्थिनीने सांगितले की, सी भाषेत फंक्शनला (प्रोग्राममधल्या एखादे काम करणाऱ्या तुकड्याला) जे काही दिले जाते त्याची प्रतच आत पोहोचते, पॉइंटरचीसुद्धा; पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एखाद्या जागेचा पत्ता ठेवणारे चल. परीक्षकांनी हे उत्तर चूक ठरवले आणि ‘कॉल बाय व्हॅल्यू’ (मूल्याची प्रत देणे) व ‘कॉल बाय रेफरन्स’ (मूळ चलच देणे) असे दोन प्रकार तिच्याकडून वदवून घेतले. त्या मुलीचे उत्तर बरोबर होते, म्हणून हे पत्र.

ही भाषा घडवणारे डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ब्रायन कर्निघन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकातच स्पष्ट लिहिले आहे की, सी भाषेत सर्व आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिल्या जाणाऱ्या गोष्टी, मूल्यानेच दिली जातात. खराखुरा रेफरन्स सी प्लस प्लसमध्ये आहे. त्याचे नाव सी भाषेला चिकटवल्याने सगळा घोळ होतो.

वर्गात मी चिठ्ठीचा दाखला देतो. दाजी पेठेतल्या एका घराचा पत्ता लिहिलेल्या चिठ्ठीची नक्कल मी तुम्हाला दिली, तर तुम्ही त्या घरी जाऊन दाराचा रंग बदलू शकता, आणि नंतर मी तिथे गेलो तर मलाही नवाच रंग दिसेल. मात्र तुम्ही आपल्या नकलेवरचा पत्ता खोडून तिथे साखर पेठेतला पत्ता लिहिलात, तर माझ्या चिठ्ठीवरचे एक अक्षरही बदलत नाही. दोन संख्यांची अदलाबदल करणारे ‘स्वॅप’ फंक्शन पहिल्या गोष्टीवर चालते आणि ते प्रत्येक मुलाला पाठ असते. दुसरी गोष्ट त्याला बहुधा कोणी सांगितलेलीच नसते.

ती न सांगितल्याची किंमत पुढे मोजावी लागते. मुलगा फंक्शनला पॉइंटर देतो, आत ‘मॅलॉक’ने मेमरीत जागा मागून तिचा पत्ता त्याच पॉइंटरमध्ये ठेवतो आणि बाहेर आल्यावर मूळ पॉइंटर होता तसाच का, हे त्याला कळत नाही; शिवाय घेतलेल्या जागेचा पत्ता हरवल्यामुळे ती मोकळीही करता येत नाही. लिंक्ड लिस्टच्या (पुढच्याचा पत्ता जवळ ठेवणाऱ्या घटकांच्या साखळीच्या) आरंभी नवा नोड, म्हणजे घटक, घालतानाही हेच होते. सरळ उपाय दोन आहेत: नवा पत्ता फंक्शनकडून परत घ्यावा किंवा पॉइंटरचाच पत्ता आत पाठवावा. पण कारण ठाऊक नसलेली मुले कंपायलर (प्रोग्राम तपासून यंत्रभाषेत आणणारे साधन) गप्प बसेपर्यंत पॉइंटरची खूण असलेली तारांकने वाढवत राहतात, आणि ते पाहताना मला खरोखर वाईट वाटते.

ॲरेचेही, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेचेही, तसेच. फंक्शनला दहा पूर्णांकांचा ॲरे दिला की आत त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता तेवढा जातो, म्हणून आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर तिथे आकार बाइटमध्ये सांगणारा ‘साइझऑफ’ ४० नव्हे, ८ सांगतो आणि लांबी वेगळी पाठवावी लागते. माहिती वाचून घेणाऱ्या ‘स्कॅनएफ’मध्ये पूर्णांकापुढे पत्ता काढणारा & लागतो, अक्षरांच्या ॲरेपुढे लागत नाही, यामागेही हेच कारण आहे; ते सांगितले तर नियम पाठ करावा लागत नाही.

ज्या प्रयोगशाळांत अजून डॉसवरचे जुने टर्बो सी चालते, तिथे वरची ‘मॅलॉक’ची चूक दिसतही नाही. डॉसमध्ये मेमरीला संरक्षण नसल्याने भलत्या पत्त्यावर लिहिले तरी प्रोग्राम पुष्कळदा तसाच पुढे जातो. लिनक्सवर तोच प्रोग्राम बहुधा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन थांबतो, आणि शिकणाऱ्याला त्या थांबण्याचाच उपयोग होतो.

फंक्शनचाही पत्ता दुसऱ्या फंक्शनला देता येतो, हे तर फार थोड्यांना शिकवले जाते. आपल्याकडे चादरीचा माग तोच राहतो आणि जकार्डवरची भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदलते; क्रम लावणाऱ्या ‘क्यूसॉर्ट’ फंक्शनलाही तुलना करणारे फंक्शन बदलून दिले की तेच क्यूसॉर्ट किमतीने किंवा नावाने क्रम लावते. मागवाल्यांच्या घरातली मुले हे एका तासात समजून घेतात, हा माझा अनुभव आहे.

प्राध्यापकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की, प्रात्यक्षिक परीक्षेत ‘स्वॅप’ लिहायला सांगण्याऐवजी आत ‘मॅलॉक’ करणारे एक चुकीचे फंक्शन द्यावे आणि बाहेरचा पॉइंटर का बदलला नाही, हे विद्यार्थ्याला कागदावर चौकटी काढून दाखवायला सांगावे.

आपला,
एक संगणक शिक्षक,
भवानी पेठ, सोलापूर