वाचणाऱ्या पोरास

प्रिय भावा,

तुझं नाव इथं लिहीत नाही, तुला अवघडल्यासारखं होईल. आबांनी तरी तुला नावानं कुठं हाक मारली? पाच वाजले की ओट्यावरून विचारायचे, ‘वाचणारं पोरगं आलं का गं?’ मीही त्याच नावानं लिहिते.

काचबिंदूनं आबांची नजर गेली तेव्हा मी पुण्यात होते. रोज फोन करायचे. जेवलात का, गोळी घेतली का, पाय दुखतोय का. एवढं विचारून झालं की फोन आईकडं. तू मात्र अकरावीची पुस्तकं बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसायचास. पेपरात आधी पावसाची बातमी, मग सोयाबीनचा भाव, मग निधनवार्ता. वाचता वाचता आबांना काही आठवलं की म्हणायचे, ‘हे लिहून ठिव रे.’ आणि तू लिहीत गेलास. तेराव्याला ती दोनशे पानी वही आईच्या हातात दिलीस आणि चहाही न घेता निघून गेलास. त्या दिवशी आभार मानायचे राहिले. म्हणून हे पत्र.

आबा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते हे आम्हाला माहीत होतं. सातवीपर्यंत शिकलेले म्हणून पुढं हजेरीपटावर बसवलं, हेही. पण ज्या बाईचं बाळंतपण महिन्यावर आलं होतं, तिच्या वाटणीची खडी ते रोज अंधार पडल्यावर फोडून ठेवायचे, म्हणजे तिची मजुरी बुडू नये, हे तुझ्या वहीत वाचलं. कामावर मिळणाऱ्या सुकडीचा वास आणि मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची चवही तू त्यांच्याच शब्दांत उतरवलीस. गावाबाहेरचा पाझर तलाव त्याच साली झाला. त्याच्या भरावावरून मी शाळेत जायचे.

किल्लारीच्या भूकंपाचं पान मी अजून एका बैठकीत वाचू शकलेले नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, दमलेली माणसं गाढ झोपलेली, डोक्यावर माळवदाचा मातीचा भार. आबा उजाडताच ट्रॅक्टरमध्ये पाण्याच्या घागरी आणि भाकरी घालून निघाले आणि आठ दिवसांनी परतले. तिकडं काय पाहिलं ते त्यांनी आज्जीलाही सांगितलं नाही. तुला सांगितलं. ‘दगडाखालून आधी हात दिसायचा. बांगड्यावरून कळायचं, बाई हाय.’ त्याच्याखाली तू लिहिलंयस : ‘आबा इथं थांबले. आज पेपर वाचला नाही. दिवे लागले तरी दोघं बसून होतो.’

परत आल्यावर आबांनी आमच्या घराचं माळवद उतरवून पत्रे टाकले, आणि स्वतः मात्र तेव्हापासून अंगणातच झोपले. थंडीत आम्ही त्यांच्यावर किती रागवायचो! त्यांना आत झोपच लागत नव्हती, हे आम्हाला तुझ्या वहीनं सांगितलं. ते जिवंत असताना कळलं असतं तर मी एकदा तरी त्यांच्या बाजेशेजारी अंथरूण टाकलं असतं.

2016 चा उन्हाळा तुलाही आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आपल्या बोअरला थोडं पाणी होतं, आबांनी उसाचं पाणी तोडलं आणि पाइप रस्त्यावर आणून सोडला. दोन एकर ऊस उभ्यानं वाळला. काका चिडले तेव्हा आबा एवढंच म्हणाले, ‘ऊस काय, पुढच्या साली लावू.’ या पानाच्या समासात तू बारीक अक्षरात लिहिलंस : ‘मी तेव्हा चौथीत होतो. आईबरोबर या रांगेत होतो.’ ती ओळ वाचून मी आईला हाक मारली. आम्ही दोघी कितीतरी वेळ ते पान बघत होतो.

आणखी एक राहिलं. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, शाळेतलं झेंडावंदन आबांनी कधी चुकवलं नाही. निजामाच्या राज्यात जन्मलेला माणूस, रझाकारांच्या भीतीनं लहानपणी रात्री ज्वारीच्या शेतात झोपलेला. डोळे गेल्यावर त्या सकाळी तू त्यांना गाडीवर मागं बसवून न्यायचास. फेटा तूच बांधायचास म्हणे.

वहीच्या शेवटच्या पानावर येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, कुणाकुणाला शेतात जेवायला बोलवायचं त्याची यादी आहे. ती लिहून झाल्यावर चार दिवसांत आबा गेले. यादीत सगळ्यात शेवटी तुझं आणि तुझ्या आईचं नाव आहे, एकदा लिहून खोडलेलं आणि खाली पुन्हा लिहिलेलं. खोडलं तू असशील. पुन्हा कुणी लिहायला लावलं ते मला माहीत आहे.

मागच्या येळवशीला आमच्यापैकी कुणाचे पाय शेताकडं वळले नाहीत. यंदा शेतात कडब्याची कोप उभी करणार आहोत. आंबील, भज्जी, उंडे, सगळं आज्जी सांगेल तसं. आईला घेऊन ये, सकाळीच ये. त्या यादीतल्या सगळ्यांना बोलवायला मी येतेय, घरं मात्र तुला दाखवावी लागतील.

तुझी,
आबांची नात