अंगठा युरियाला, बाटली गळ्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेर तालुक्यातल्या बोरीकाठच्या एका गावात मी राहते. पस्तीस वर्षं अंगणवाडी चालवली, आता घरी आहे. घरी म्हणायला, पाच एकर वावर आहे, त्यातल्या चार एकरांत कपाशी आणि एकात ज्वारी-मूग. मालक जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा सुरतेला. वावरात एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, असतो आणि हिशेबाला माझी वही. अंगणवाडीत कोणत्या लेकराचं वजन किती, पोषण आहाराची किती पाकिटं आली, किती वाटली, हे लिहायची सवय लागली ती सुटली नाही. पुढे जे आकडे देते आहे ते त्या वहीतले आहेत.

आषाढात तीन दिवस चांगला पाऊस झाला, चौथ्या दिवशी उघडीप पडली. निंदणी आटोपलेली होती. कपाशीला युरिया द्यायचा तो अशाच वाफशात. शेती न करणाऱ्या वाचकांसाठी सांगते, ओलीत टाकला तर तो मुळाशी जातो, कोरड्यात टाकला तर बराचसा वाया जातो. म्हणजे माझ्या हातात दोन, फार तर तीन दिवस. दुकानोदुकान हिंडायला मला वेळ नाही, हे दुकानदाराला माहीत असतं आणि त्याच्या वरच्यालाही माहीत असतं. सगळा खेळ या तीन दिवसांचा आहे.

शेजाऱ्याची ॲपे रिक्षा ठरवून तालुक्याला गेले. पहिल्या दुकानाच्या फलकावर युरियापुढे शून्य. दुसऱ्याच्या फलकावर नुसता खडूचा पुसलेला डाग. तिसरा दुकानदार माझ्याच अंगणवाडीतून गेलेला पोरगा. आता त्याच्या दाढीत पांढरे केस दिसायला लागले आहेत, पण मला तो वाटी घेऊन खिचडीच्या रांगेत उभा राहिलेलाच आठवतो. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी चार गोण्या मागितल्या. तो माझ्याकडे न बघता सालदाराकडे बघत आमच्या अहिराणीत म्हणाला, "बाई, युरिया शे. पन दोन बाटल्या लेन्या पडतीन."

"कसल्या?"

"टॉनिकन्या."

मी म्हटलं, मला पिकाचं टॉनिक नको. त्याने हात जोडले, अगदी देवापुढे जोडावेत तसे. "मना हातमा काय शे, बाई?"

याला आमच्याकडे सगळे 'लिंकिंग' म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी तो समजायला शाळेत जावं लागत नाही. जे हवं ते घ्यायचं असेल तर जे नको तेही घ्या, एवढाच त्याचा अर्थ. मे महिन्यात कपाशीचं चालणारं वाण हवं असलं तर सोबत न चालणारं पाकीट, जुलैत युरिया हवा असला तर बाटली, रब्बीत डीएपी खत हवं असलं तर गंधकाची पिशवी.

आता वही. युरियाची गोणी 45 किलोची, किंमत 266 रुपये 50 पैसे. (पूर्वी 50 किलोची असायची, 2018 पासून 45 ची झाली. अजूनही म्हातारी माणसं एकरी दोन गोण्या म्हणतात आणि दहा किलो कमी टाकतात.) चार गोण्यांचे 1066 रुपये. बाटली 480 ची, दोन बाटल्यांचे 960. एकूण 2026. मागे-पुढे कसाही भागाकार करा, मला गोणी 506 रुपये 50 पैशांना पडली. गोणीवर मात्र 266.50 च छापलेलं आहे, आणि सरकारने त्यावर किती अनुदान दिलं तेही ठळक अक्षरात.

मशीनवर अंगठा द्यावा लागतो. माझा अंगठा लवकर उमटत नाही, रेषा झिजल्या. पदराला पुसून, पाणी लावून, चौथ्या वेळी उमटला. त्या मशीनमध्ये माझ्या आधारवर चार गोण्या युरियाची नोंद झाली, कागद बाहेर आला. बाटल्यांना अंगठा नाही, कागदही नाही. म्हणजे दिल्लीत बसून कोणी बघितलं तर एका बाईने सरकारी भावाने चार गोण्या नेल्या, सगळं व्यवस्थित. 960 रुपये कुठेच नाहीत.

मी पोराला म्हटलं, तुझं बिल दाखव, तू कसा घेतलास. आधी कां-कूं केलं, मग गल्ल्याखालून काढलं. एकाच तारखेची दोन बिलं. दोन्हींवर गाडीचा नंबर एकच. एकावर युरिया, दुसऱ्यावर बाटल्यांच्या पेट्या. सक्ती हा शब्द त्यात कुठेही नाही. तो म्हणाला, रेक, म्हणजे खताची मालगाडी, लागली की फोन येतो, इतका युरिया हवा असेल तर इतक्या पेट्या उचला. नाही म्हटलं की गाडी दुसऱ्याकडे वळते. युरियात त्याला गोणीमागे पंधरा-सोळा रुपये सुटतात, त्यातच दुकानाचं भाडं, वीज, नोकर. पेट्या पडून राहिल्या तर तो पैसा त्याचा.

मी त्याला धुतल्या तांदळासारखा म्हणत नाही. बाटल्यांचं पक्कं बिल त्याने मला त्या दिवशी दिलं नव्हतं. पण ही युक्ती त्याच्या डोक्यातून निघालेली नाही.

ती कुठून निघाली, ते समजायला फार हुशारी लागत नाही. युरियाची किंमत सरकार ठरवतं. ऑक्टोबर 2022 पासून सगळ्या अनुदानित खतांच्या गोण्यांवर 'भारत' हे एकच नाव आलं, कंपनीचं नाव खाली बारीक. कोणत्याही कंपनीचा युरिया घ्या, त्यात नत्र 46 टक्केच. त्यामुळे युरियात नाव कमवायला जागा नाही आणि नफ्यालाही हात फार लांब जात नाही. बाटलीची किंमत मात्र कंपनी ठरवते. कोणी आपणहून मागत नाही ती बाटली मग मागणी असलेल्या गोणीच्या पाठीवर बसवायची. आणि ती गोणी स्वस्त झाली कोणाच्या पैशाने? तुमच्या-माझ्या कराच्या. तुम्ही जळगावात बसून साबणाच्या वडीवर जो कर भरता, त्यातून माझा युरिया स्वस्त होतो, आणि त्या स्वस्ताईचा फास करून कंपनी माझ्या गळ्यात बाटली अडकवते. म्हणून हे पत्र शेतीच्या पानावर टाकू नका, ही विनंती.

बाटलीवर हसणाऱ्या शेतकरी बाईचं चित्र आहे. डोक्यावर पदर, ओंजळीत पांढरं शुभ्र बोंड. समुद्री शेवाळाचा अर्क आहे म्हणे, लिटरला दोन मिली घालायचा. मी तो वाईट आहे असं म्हणत नाही, मला त्यातलं कळत नाही. मला तो नको होता, एवढंच. माझ्या घरात भिंतीतल्या देवळीत अशा नऊ बाटल्या आहेत, तीन वर्षांच्या. सील न फोडलेल्या. गावात काही जण "पैसे दिलेच आहेत तर मारून टाक" म्हणून कीटकनाशकातच ओततात. कशात काय मिसळलं, कोणालाच ठाऊक नसतं, आणि पंप पाठीवर घेणारा असतो मजूर.

बाटलीवर ग्राहक सेवेचा नंबर होता. लावला. मराठीसाठी दोन दाबा, शेतकरी असाल तर एक दाबा. शेवटी एक मुलगी बोलली, आवाज गोड. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या कंपनीचं असं कोणतंही धोरण नाही. आपण त्या विक्रेत्याचं नाव सांगा, आम्ही त्याच्यावर कारवाई करू." मी फोन ठेवून दिला. तिला दुसरं काही बोलायची मुभा नसणार, तिच्यावर रागावून उपयोग नव्हता. पण बघा कशी सोय केली आहे! पेट्या पाठवणारा सुटला आणि वरून न्यायाधीशही तोच.

पुतण्या जळगावला वकिली करतो. त्याने 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वाचून दाखवला. एक वस्तू द्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणं ही निर्बंधकारक व्यापार प्रथा आहे, असं त्यात लिहिलेलं आहे. मला वाटायचं शेतकरी म्हणजे ग्राहक नव्हेच, आम्ही पडलो धंदेवाले. तर त्याने सांगितलं, बियाण्याच्या एका खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे. जुलै 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून खतांसोबत नॅनो खतं (बाटलीतली पातळ खतं) आणि जैव-उत्तेजकं (माझ्या बाटलीसारखी टॉनिकं) गळ्यात मारणं ताबडतोब थांबवा, असं कळवलं होतं. म्हणजे कायदा आहे, मंत्र्यांचं पत्र आहे. माझ्या देवळीत नऊ बाटल्याही आहेत.

तक्रार केली की काय होतं, तेही गावाने पाहिलं आहे. भरारी पथक येतं. दुकानातला साठा मोजतं, फलक बघतं, रजिस्टर बघतं. काही सापडलं तर परवाना निलंबित. दुकान पंधरा दिवस बंद, आणि ऐन हंगामात गावाला जवळचं एक दुकान कमी. त्या दोन बिलांवर गाडीचा नंबर एकच का, हे विचारायला कोणी कंपनीच्या दारात गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. कृषी खात्याला माझं सांगणं इतकंच, की पुढच्या वेळी दुकानात आलात तर साठा मोजण्याआधी ती दोन बिलं शेजारी-शेजारी ठेवून बघा.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एका कृषी निविष्ठा, म्हणजे बियाणं-खतं-औषधं विकणाऱ्या, कंपनीने पाण्याचं फिल्टर बसवून दिलं आहे. ही तीच कंपनी की दुसरी, ते मी मुद्दाम लिहीत नाही. उद्घाटनाला मंडप होता, मलाही नारळ-शाल मिळाली, जुनी सेविका म्हणून. भिंतीवर काळ्या दगडाची पाटी आहे, त्यावर कंपनीचं नाव शाळेच्या नावापेक्षा मोठं, खाली 'सामाजिक उत्तरदायित्व'. दीड वर्षापासून फिल्टर बंद आहे, आतली कँडल बदलायला कोणी आलं नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के अशा कामांवर खर्चायला लावलं, चांगलंच केलं. पण त्या नफ्यात माझे 960 रुपये असतील, तर ते फिल्टर मीच बसवलं असं म्हणायला हवं, आणि पाटीवर नाव चुकलं आहे.

अमळनेरच्या माणसाला 'कंपनी' या शब्दाचं वावडं नाही, हेही सांगायला हवं. 1945 साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचं पुढे विप्रो झालं. तेव्हाचे शेअर सांभाळून ठेवलेल्या घरांच्या गोष्टी आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतात. माझे सासरे भुईमुगाची पोती गाडीत घालून त्या गेटावर जायचे. तेव्हा रामराज्य होतं असं मुळीच नाही, सासरे मापावरून भांडून आल्याचंही मी ऐकलं आहे. पण भांडायला गेट होतं, काटा होता, काट्यामागे उभा माणूस होता. मला आज भांडायचं तर दोन दाबा, एक दाबा.

कंपन्यांकडून मला दानधर्म नको. युरियाची गाडी युरियाचीच पाठवा, बाटलीत दम असेल तर ती स्वतःच्या पायाने माझ्या घरी येऊ द्या. ठिबकची नळी आमच्या जिल्ह्यात कोणी गळ्यात मारली नव्हती, केळीवाल्यांनी ती आपणहून घेतली, कारण शेजाऱ्याच्या बागेत फरक दिसला.

आठ दिवसांनी मी पुन्हा त्या दुकानात गेले. म्हटलं, बाटल्यांचं बिल दे. खताचं बिल ठरलेल्या नमुन्यात देणं दुकानदाराला बंधनकारक आहे, हे पुतण्याने सांगितलं होतं; तीच शिस्त बाटलीलाही लाव म्हटलं. पोरगा बराच वेळ पेन फिरवत बसला. गिऱ्हाईक नव्हतं, पंखा तेवढा वाजत होता. मग त्याने बिलबुक ओढलं, मागची तारीख घातली, दोन बाटल्या, 960 रुपये, बाटलीचं आणि कंपनीचं नाव, आणि मी न सांगता खाली हाताने लिहिलं, 'युरियासोबत'. सही केली. फाडून देताना म्हणाला, "बाई, मनं नाव पेपरमा नका देऊ."

त्या बिलाची झेरॉक्स या पत्राला जोडली आहे. ती छापू नका, तुमच्याकडे ठेवा. माझा पुतण्या ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरतो आहे, तेव्हा मूळ प्रत लागेल. झेरॉक्सवर दुकानाचं नाव मी काळ्या शाईने झाकलं आहे. कंपनीचं झाकलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. अमळनेर, जि. जळगाव