अभय योजना आली की वेळेवर भरणारा येडा ठरतो

संपादक साहेब, नमस्कार.

मालमत्ता कराच्या दंडात सूट देणारी अभय योजना हल्ली कुठल्या ना कुठल्या महापालिकेत चालूच असते, त्याबद्दल लिहितोय. यंदा बिलं आली आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांचा मेसेज पडला, "घाई करू नका, योजना येणारच आहे, तेव्हा भरू", आणि खाली अंगठ्यांची रांग. मी तावातावाने उत्तर टाईप करायला घेतलं, पण हिशोब मांडला तर तो काकांच्याच बाजूने निघाला.

थकबाकीवर दंड महिन्याला 2 टक्के. समजा बिल 20 हजारांचं आहे आणि तीन वर्षं भरलंच नाही, तर सरळ हिशोबाने दंड 14,400. मग योजना येते, दंडात समजा 75 टक्के माफी, म्हणजे दंडाचे राहिले 3,600. वर्षाला 6 टक्के झाले की! लवकर भरणाऱ्याला मिळणारी 5-10 टक्के सवलत बुडाली ती धरली तरी पर्सनल लोनपेक्षा स्वस्तच, शिवाय जामीन नाही, सिबिल नाही, कोणी विचारत पण नाही. पुण्यात थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवून झाला, पण माफी मिळणार असेल तर बँडला कोण घाबरतंय.

पण नुसत्या काकांना बोलून काय उपयोग, खरी गोम वर आहे. पूर्वी जकात होती, शहरात धंदा वाढला की पालिकेचं उत्पन्न वाढायचं. पुणे-पिंपरीत 2013 ला ती गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2015 ला तो बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, मग 2017 पासून जीएसटीमुळे बुडालेल्या या उत्पन्नाची भरपाई राज्य सरकार देतं, वर्षाला 8 टक्के वाढ धरून. ही रक्कम ठरलेली, तुम्ही कर चोख वसूल करा नाहीतर नका करू, ती येणारच. उरलेलं मोठं उत्पन्न बांधकाम परवानगी आणि प्रीमियम एफएसआयचं (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम), म्हणजे ते बिल्डरकडून. आता नगरसेवकाच्या जागी बसून बघा, वसुली कडक केली तर मतं जातात आणि माफी दिली तर मतं येतात, वर तिजोरीला पडलेलं भोक त्याच्या खिशातून थोडंच भरायचंय? मग तो काय करणार!

पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर बघा. अवैध बांधकामांना 2008 पासून लावला, बऱ्याच ठिकाणी कराच्या दुप्पट, जाचक होता हे खरंच, गरीब माणसाने अर्धा-एक गुंठा घेऊन बांधलेलं घर त्यात भरडलं गेलं. पण पुढं काय झालं, प्रत्येक निवडणुकीत तो माफ करायचं आश्वासन, आधी छोट्या घरांना सूट, मग जरा मोठ्यांना, आणि मार्च 2023 ला सगळाच माफ. ज्यांनी थकवला ते शहाणे ठरले. मुंबईत तर 2017 च्या निवडणुकीतलं 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांच्या करमाफीचं आश्वासन 2022 च्या पालिका निवडणुकीच्या तोंडावर पूर्ण झालं. ती निवडणूक मग जानेवारी 2026 पर्यंत लांबली आणि जवळपास चार वर्षं प्रशासक बसले ही गोष्ट वेगळी, पण त्यांचीही बदली-बढती मंत्रालयातूनच, मग त्यांनी तरी वाईटपणा का घ्यावा.

माझं म्हणणं एवढंच आहे की योजना काढायचीच तर एका मालमत्तेला एकदाच द्या, दुसऱ्यांदा तोच माणूस आला तर दंड पूर्ण घ्या. मोठ्या व्यावसायिक मिळकतींना तर देऊच नका. आणि किती दंड सोडला, त्यातला किती घरांचा आणि किती मॉल-गोडाऊनचा, हे वॉर्डप्रमाणे वेबसाईटवर टाका, आमच्या नवीन नगरसेवकांनी पहिल्या सभेत निदान हे तरी मागावं.

– एक नियमित करदाता