बीडी, एसओएस आणि ८८ ते ९२

महोदय,

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, आठ आण्यांचा फरक पडला तरी डोळ्याला डोळा लागायचा नाही. असा आकड्यांचा माणूस मी, पण आईच्या डिस्चार्ज कार्डावरच्या एका आकड्यानं मला चकवलं.

आई ८१ वर्षांची. उभा जन्म चुलीपुढं फुंकणी घेऊन गेला, त्या धुरानंच फुफ्फुसं गेली. सीओपीडी म्हणतात त्याला. मिरजेच्या एका दवाखान्यात आठ दिवस काढून तिला तासगावला घरी आणली, ती ऑक्सिजनचं मशीन आणि पिशवीभर गोळ्या घेऊनच. कार्ड देणाऱ्याला घाई होती. 'मशीन एकवर ठेवा, गोळ्या लिहिल्यात तशा द्या,' एवढंच बोलला. लिहिलेलं काय, तर ओडी, बीडी, टीडीएस, एसओएस. मी मोठ्यानं वाचलं तर आई म्हणते, 'मी कवा बिडी वढली रं?' मेडिकलवाल्यानं उलगडून सांगितलं: ओडी एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा आणि एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. तळाला 'एसपीओटू ८८-९२' होतं; एसपीओटू म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, हे मला नंतर कळलं. ते ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं.

तिसऱ्या रात्री ऑक्सिजन मोजायच्या, बोटाला लावायच्या यंत्रावर ९० दिसलं. कोरोनापासून सगळ्यांच्या डोक्यात ९४ पक्कं बसलेलं. शेजारी म्हणाले, वाढवा. मी मशीन एकवरनं चारवर नेलं. आकडा ९७ झाला, आई गाढ झोपली आणि आम्हीही निर्धास्त झालो. सकाळी हाक मारली तर डोळे उघडायची, परत मिटायची. कप हातात धरवेना. १०८ बोलावून पुन्हा मिरज गाठली.

डॉक्टरांनी सांगितलं, अशा पेशंटला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन गेला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. बोटावरच्या यंत्राला तो दिसतच नाही. म्हणून तिच्यासाठी ८८ ते ९२ ठरवून दिलेलं. ती झोप नव्हती, साहेब.

आई वाचली. या खेपेला रात्रपाळीच्या सिस्टरनी मला शेजारी उभं करून शिकवलं. नाडी दोन बोटांनी बघायची, अंगठ्यानं नाही, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की तो बदलतो. मनगट नुसतं धरून ठेवायचं, नजर पोटाच्या हालचालीवर, आणि पूर्ण मिनिटभर. पहिल्यांदा मी १६ मोजले, सिस्टरनी २४. मी घड्याळच बघत बसलो होतो. बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं, हात छातीच्या पातळीला टेकवायचा, बोलायचं नाही. आईला ते शेवटचं जमत नाही.

हे शिकवायला त्यांना वीस मिनिटं लागली असतील. दवाखान्यांकडं माझं मागणं तेवढ्या वीस मिनिटांचंच आहे. घरी सोडताना पेशंटचं ज्यानं करायचं, त्याच्याकडून एकदा नाडी आणि श्वास मोजून घ्या. कार्ड मराठीत द्या, निदान ओडी-बीडीच्या जागी 'सकाळी', 'रात्री' लिहा. आणि किती आकडा झाला की घाबरायचं, कुणाला फोन करायचा, ते वर ठळक लिहा, तळाला नको.

मी आता वेबिलासारखे रकाने आखून वही ठेवतो. गल्लीतल्या दोघांनी तिची झेरॉक्स नेली. त्यांना मी रकाने दिले, पण आईचे आकडे खोडून दिले. न्यूमोनिया झालेल्या माणसाचं ९० आलं आणि तो 'कंडक्टरच्या आईला चालतं की' म्हणून घरी बसला तर ते माझ्या माथी नको.

– एक निवृत्त एसटी वाहक, तासगाव (जि. सांगली)