गेन वाढवून जुना रॉक टोन येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हॉल्व अँप (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्ववर चालणारं गिटारचं अॅम्प्लिफायर) घरच्या घरी मॉडिफाय करून जुना रॉक टोन कसा काढायचा यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. मराठी पेपरात या विषयाला अर्धं पान मिळालं याचा खरंच खूप आनंद झाला. पण त्यातल्या दोन गोष्टींवर गप्प बसवत नाही. एक म्हणजे सगळा भर गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) वाढवण्यावर दिलाय, जास्तीचा एक व्हॉल्व टाका, सिग्नल वाढवणारी आणखी एक स्टेज जोडा, झाला रॉक टोन. आणि दुसरं म्हणजे हे तासाभराचं काम आहे असं लिहिलंय, पण अँपच्या आत चारशे-साडेचारशे व्होल्ट डीसी असतात याचा एका ओळीतही उल्लेख नाही. हा लेख वाचून कुठलातरी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला असेल याची मला काळजी वाटते, म्हणून लिहितोय.

आधी टोनचं बोलतो. साठच्या शेवटच्या आणि सत्तरच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमधली ती गिटार नीट कान देऊन ऐका, त्यात डिस्टॉर्शन आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप कमी असतं. कॉर्ड मारली की सगळ्या तारा वेगळ्या ऐकू येतात, पिक हलका लावला की आवाज साफ होतो, गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की अँप जवळजवळ क्लीन होतं. हे होतं कारण तिथे ताणला जातोय तो पुढचा प्रीअँप (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) एकटा नाही, मागचे स्पीकरला ताकद देणारे पॉवर व्हॉल्व, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर सगळे एकदम ताणले जातायत. पुढे गेन वाढवत गेलात की आवाज मधमाश्यांसारखा गुणगुणायला लागतो आणि बँडमध्ये ड्रम सुरू झाले की गिटार गायब.

आणि हे काही गूढ नाहीये, याचा इतिहास स्वच्छ आहे. लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं, ते स्वतः ड्रमर. त्यांच्याकडे दुरुस्तीचं काम बघणारे केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांनी 1962 मध्ये जे अँप बनवलं, जेटीएम 45, ते फेंडरच्या बेसमन अँपच्या सर्किटवरून जवळपास जसंच्या तसं घेतलेलं होतं. बेसमन बेस गिटारसाठी बनलेलं अमेरिकन अँप, अमेरिकेहून आणायचं म्हणजे महाग, म्हणून यांनी इंग्लंडात मिळणारे पार्ट घालून तेच बनवलं. पहिल्या स्टेजला कमी गेनच्या व्हॉल्वच्या जागी जास्त गेनचा ईसीसी 83 घातला, ट्रान्सफॉर्मर वेगळा, पुढे पॉवर व्हॉल्व म्हणून केटी 66 आले, मग ईएल 34 आले, आणि स्पीकर उघड्या पाठीच्या खोक्यातल्या चार दहा इंचीऐवजी बंद खोक्यात चार बारा इंची. 1966 मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने लेस पॉल गिटार लावून असंच केटी 66 वालं अँप मोठ्या आवाजात वाजवलं आणि त्यानंतर सगळ्यांनाच तो आवाज हवासा झाला. म्हणजे 1962 पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत त्या एकाच सर्किटमध्ये जे बारीक बारीक बदल होत गेले तोच आपला क्लासिक रॉक टोन, आणि गंमत अशी की त्यात कुठेही जास्तीचा व्हॉल्व नाही.

माझ्याकडे बेसमनच्या सर्किटचं किट जोडून बनवलेलं एक अँप आहे आणि मी त्यावर तोच प्रवास एकेक पाऊल करून बघितला, त्यामुळे हे कानाने ऐकून सांगतोय. सगळ्यात मोठा फरक मला टोन कंट्रोलमध्ये पडला. तिथे 56 किलोओहमचा एक रेझिस्टन्स आणि 250 पिकोफॅरडचा एक कंडेन्सर असतो, त्या जागी 33 किलोओहम आणि 500 पिकोफॅरड लावायचा, बस. दोनच पार्ट, किंमत म्हणाल तर चहा-वडापावची. त्याने आवाजातली मधली पट्टी वर येते, जिथे गिटार खरी राहते ती. मी आधी जुन्या पार्टवर एक साधी ए कॉर्ड वाजवली, मग पार्ट बदलून टोनची बटणं त्याच जागांवर ठेवून परत तीच कॉर्ड, आणि शेजारच्या खोलीतून माझी मुलगी ओरडली, बाबा आता गिटार पुढे आली. तिला यातलं काही माहीत नाही, तिने फक्त ऐकलं.

दुसरा बदल पहिल्या व्हॉल्वच्या कॅथोडला (व्हॉल्वमधल्या ज्या टोकाकडून करंट जातो त्याला). बेसमनमध्ये दोन्ही चॅनलला (गिटार जोडायच्या दोन वाटांना) मिळून एकच 820 ओहम आणि त्यावर 250 मायक्रोफॅरडचा मोठा कंडेन्सर असतो, त्यामुळे बेस सगळाच्या सगळा पुढे जातो आणि अँप वाढवलं की खालचे सूर फाटतात, चिखल होतो. नंतरच्या मार्शलमध्ये हे दोन चॅनल वेगळे केले आणि ब्राइट चॅनलला 2.7 किलोओहम आणि 0.68 मायक्रोफॅरड आला. इथे बघा, बेस कमी केलाय, वाढवलेला नाही, आणि म्हणूनच मोठ्या आवाजात रिफ घट्ट ऐकू येतो. मग एका छोट्या केबलने दोन्ही चॅनल जोडायचे, ब्राइट जास्त ठेवायचा आणि दुसरा चवीपुरता वाढवायचा.

तिसरं म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं, त्याने आवाज आवरलेला राहतो), तिथला 27 किलोओहमचा रेझिस्टन्स वाढवून 100 किलोओहम केला की फीडबॅक कमी होतो आणि अँप जरा मोकळं, रांगडं वाजतं. हे मात्र ज्याच्या त्याच्या आवडीचं, मी 47 किलोओहमवर थांबलो.

ईएल 34 घालण्याबद्दल लेखात "जुने काढा नवे लावा" इतकंच लिहिलंय, ते फार धोक्याचं आहे. जुन्या सिक्स एल सिक्स पॉवर व्हॉल्वची फिलामेंट (व्हॉल्व तापवणारी तार) प्रत्येकी 0.9 अँपिअर घेते आणि ईएल 34 ची दीड, म्हणजे जोडीमागे 1.8 च्या जागी सरळ 3 अँपिअर, तुमच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला ते झेपतं का ते आधी बघायला पाहिजे नाहीतर तोच जळणार. सॉकेटची एक नंबरची पिन आठ नंबरला जोडावी लागते. आणि बायस (काही न वाजवता व्हॉल्वमधून किती करंट वाहू द्यायचा ती सेटिंग) परत सेट केल्याशिवाय तर वाजवायचंच नाही. ईएल 34 च्या प्लेटची (व्हॉल्वमधल्या जास्त व्होल्टेजच्या भागाची) मर्यादा 25 वॅट, त्याच्या सत्तर टक्के म्हणजे साडेसतरा, माझ्या अँपमध्ये प्लेटला 430 व्होल्ट येतात म्हणजे एका व्हॉल्वला 40 मिलिअँपच्या आसपास वरची हद्द झाली, मी 36 वर ठेवलेत आणि व्हॉल्व छान चाललेत. हे व्हॉल्व आता रशिया, स्लोव्हाकिया नाहीतर चीनमधून येतात, स्वस्त नाहीत. एकेकाळी आपल्याकडे बंगळुरूला बीईएल ही सरकारी कंपनी रेडिओचे व्हॉल्व बनवायची, पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुन्या दुकानदारांकडे अजूनही एखादा डबा निघतो, पण गिटार अँपचे मोठे पॉवर व्हॉल्व तसे मिळत नाहीत. त्यामुळे चुकीच्या बायसने एक जोडी लाल होऊन गेली की महिन्याचं बजेट गेलं समजा.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. माझे काका ठाण्यात मर्फीचे रेडिओ दुरुस्त करायचे, लहानपणी मी त्यांच्या बाजूला स्टुलावर बसायचो. चालू सेटला हात लावताना त्यांचा डावा हात कायम खिशात असायचा. मी विचारलं तर म्हणाले, दोन्ही हात आत गेले की करंट या हातातून त्या हातात जातो आणि मध्ये छाती असते. अँप बंद करून प्लग काढला म्हणजे धोका संपला असं अजिबात नाही, फिल्टर कंडेन्सर (वीज साठवून डीसी सपाट करणारे) चार्ज धरून ठेवतात. त्यातही स्टँडबाय (व्हॉल्व गरम ठेवून मोठं व्होल्टेज तोडणारा स्विच) आधी बंद करून मग मेन बंद केला, जे बरेच जण सवयीने करतात, तर पहिल्या कंडेन्सरला रिकामं व्हायला वाटच राहत नाही आणि ते किती वेळ तसेच भरलेले राहतील याचा भरवसा नाही.

मी काय करतो ते सांगतो. प्लग भिंतीतून काढून नजरेसमोर ठेवायचा. 100 किलोओहम, तीन वॅटचा रेझिस्टन्स, दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन असलेल्या वायरी आणि क्लिप. एक क्लिप चॅसीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) आधी लावायची, मग एकाच हाताने दुसरी कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला, आणि मल्टीमीटर हजार व्होल्टच्या रेंजवर तिथेच लावलेला. मग आकडे उतरताना बघत बसायचं, चारशेच्या वरून तीनशे, दीडशे, साठ, वीस, माझ्या अँपला पाऊण मिनिट लागतं पाचच्या खाली यायला. घाई करायची नाही. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून फट्कन ठिणगी काढायची पद्धत मी बघितलीय, ती करू नका, कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्यालाही इजा होऊ शकते. आणि काम संपेपर्यंत ती क्लिप काढायची नाही कारण रिकामा झालेला कंडेन्सर थोडा थोडा परत चढतो.

मी स्वतः एकदा हे टाळलं होतं. अँप आदल्या रात्री बंद केलेलं, सकाळी म्हटलं आता काय असणार, आणि बोट लागलं. कोपरापर्यंत झटका गेला, हात उडून चॅसीच्या कडेवर आपटला, तीन टाके पडले. दुसरा हात त्यावेळी मांडीवर होता म्हणून आज हे पत्र लिहितोय. मला वीस वर्षं सोल्डरिंगची सवय होती, लेख वाचून पहिल्यांदा उघडणाऱ्याचं काय होईल.

आणखी एक, स्पीकर न जोडता व्हॉल्व अँप कधीच वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि गिटारवादक एडी व्हॅन हेलनचं नाव घेऊन व्होल्टेज वाढवायचा जो सल्ला फिरत असतो तो उलटा आहे, एडी व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज कमी करून, 90 च्या आसपास आणून वाजवायचा, तेही अमेरिकेतल्या 120 व्होल्टच्या लाइनवर.

राहिला प्रश्न फ्लॅटमध्ये हे वाजवायचं कसं, तर पन्नास वॅटच्या जागी पाच वॅटचं घेतलं तरी फरक दहा डेसिबलचाच पडतो, कानाला साधारण अर्धा आवाज वाटतो, शेजाऱ्यांना तोही भरपूर होतो. मी फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर व्हॉल्वच्या आधीच्या स्टेजच्या) नंतर मास्टर व्हॉल्यूम लावलाय आणि रात्री दहानंतर अँपला हात लावत नाही.

माझी एकच विनंती आहे, लेख छान सचित्र होता, येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टायपात, कंडेन्सर रिकामे कसे करायचे आणि एक हात बाहेर का ठेवायचा एवढी चौकट छापा. लेख कापून ठेवणारी मुलं ती चौकटही कापून ठेवतील.

आपला नियमित वाचक,
ठाणे