‘रामराम’चा इतिहास बेरजेत शोधू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘रामराम’ दोनदा का म्हणतात, याचे एक स्पष्टीकरण गेली काही वर्षे समाजमाध्यमांवरून फिरत असून आता ते सभा-समारंभांतील भाषणांतही ऐकू येऊ लागले आहे. ‘र’ हे २७वे व्यंजन, ‘आ’ हा दुसरा स्वर आणि ‘म’ हे २५वे व्यंजन, यांची बेरीज ५४. दोनदा म्हटले की १०८, म्हणजे एका रामरामात जपमाळ पूर्ण, असा तो हिशेब आहे. ऐकायला तो गोड वाटतो, पण हिशेब म्हणूनही तो टिकत नाही. व्यंजने एका ओळीने मोजायची, स्वर दुसऱ्या ओळीने मोजायचे आणि ‘म’मधला ‘अ’ मात्र सोडून द्यायचा, ही सवलत घेतली नाही तर बेरीज ५५ होते. देवाचे नाव दोनदा घेण्यासाठी मराठी माणसाला बेरजेची गरज कधीच पडलेली नाही. ‘हरहर’, ‘शिवशिव’, ‘नारायण नारायण’ हे आपण म्हणतोच, आणि तेथे कोणी अक्षरांचे क्रमांक मांडत नाही. नामस्मरणात नाव पुन्हापुन्हा येते. भेटीच्या आणि निरोपाच्या क्षणी तेच ओठांवर आले, इतका साधा अर्थ पुरेसा आहे.

तुकोबांच्या ‘आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा रामराम घ्यावा’ या अभंगावरून सतराव्या शतकात हा शब्द निरोपासाठी रुळलेला होता, हे स्पष्ट दिसते. नोकरीला, राजकारणाला ‘रामराम ठोकणे’ हा आजचा वाक्प्रचार याच निरोपाच्या अर्थातून आलेला असावा. म्हणजे ‘रामराम’ भेटताना जितका आपला आहे, तितकाच निघतानाही आहे, आणि ‘हॅलो’ व ‘बाय’ या दोन शब्दांत विभागलेले काम तो एकटा करतो.

मात्र हे पत्र लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. बेरजेच्या कौतुकात या अभिवादनाचा खरा इतिहास झाकला जातो, आणि तो इतिहास पुण्याच्या अगदी जवळचा आहे. पेशवे दप्तरातील किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाने जपलेल्या कागदांतील अठराव्या शतकातील पत्रांचे मायने पाहावेत. ब्राह्मण मुत्सद्दी ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती’ लिहितो, तर शिंदे-होळकरांसारख्या मातब्बर सरदारांच्या पत्रांत ‘रामराम विनंती’ असते. नुसता मायना वाचून लिहिणाऱ्याचे समाजातील स्थान ओळखता यावे, इतकी ही विभागणी पक्की होती. ती मोडू पाहणाऱ्यांना सत्ता अडवत असे. १७७९ साली मुंबईच्या सोनारांनी अभिवादन म्हणून ‘नमस्कार’ वापरू नये, असा हुकूम ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने काढला आणि त्यामागे पुण्याच्या पेशवे दरबाराचा आग्रह होता. एका साध्या शब्दासाठी दोन सरकारांनी खलिते धाडावेत, यावरून त्या शब्दाचे वजन कळते.

या उतरंडीच्या तळाशी ‘जोहार’ होता. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा ‘जोहार मायबाप जोहार’ म्हणतात, ते महारांवर लादल्या गेलेल्या अभिवादनाच्या शब्दांत. गावात ‘रामराम’ म्हणणाऱ्याने कोणाला म्हणावे आणि ‘जोहार’ कोणी घालावा, हे ठरलेले असे. ‘रामराम पाव्हणं’ याच्या पाठोपाठ ‘कुठलं गाव?’ आणि मग आडनाव विचारण्याची जी रीत मावळात, मुळशीत किंवा सातारा-सांगलीकडे आजही दिसते, तिच्यात आपुलकी निश्चितच आहे, पण समोरच्याला कोणत्या पायरीवर धरायचे याची चाचपणीही तिच्यात होती, हे मान्य करायला हवे. आश्चर्य असे की, हाच ‘जोहार’ गडचिरोलीच्या गोंड समाजात आणि पुढे थेट झारखंडपर्यंत स्वाभिमानाचा उच्चार आहे. ‘सेवा जोहार’ किंवा ‘जय सेवा’ म्हणताना तेथे कोणी कोणापुढे वाकत नाही.

म्हणूनच ‘जय भीम’ या अभिवादनाकडे केवळ घोषणा म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. नागपूरजवळच्या कामठीचे आंबेडकरी कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांना त्याचे श्रेय दिले जाते. ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असे उत्तर असावे, अशी त्यांची मूळ कल्पना होती, असे सांगितले जाते. ज्यांना शतकानुशतके अभिवादनाचा शब्द दुसऱ्याने ठरवून दिला, त्यांनी तो स्वतः निवडला, आणि पुढे उत्तरातही ‘जय भीम’च रुळल्याने दोन्ही बाजूंनी एकच शब्द उच्चारला जाऊ लागला. दर १ जानेवारीला पुणे जिल्ह्यातल्याच कोरेगाव भीमा येथे जमणाऱ्या लाखोंच्या तोंडी तो असतो. त्याच्यामागचा हा इतिहास शाळेत शिकवला जायला हवा, असे मला मनापासून वाटते.

वारकऱ्यांनी हीच समता आपल्या पद्धतीने फार आधी साधली. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठ या भागांत ‘माऊली’ आणि ‘राम कृष्ण हरी’ यांखेरीज दुसरे संबोधन कानावर पडत नाही, आणि पाया पडणाऱ्याच्या पायाला समोरचाही हात लावतो. एरवी ज्यांचा वारीशी संबंध नाही असे रिक्षाचालक, बंदोबस्तावरचे पोलीस आणि दुकानदारही त्या दोन दिवसांत अनोळखी माणसाला ‘माऊली’ म्हणतात. अलीकडे जिल्ह्यात हा शब्द वर्षभर ऐकू येतो, याचा मला आनंद वाटतो.

बाकी वैविध्य तर पुष्कळ आहे. महानुभाव पंथीय ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात, सोलापूर-लातूरकडचे लिंगायत ‘शरणार्थ’ म्हणतात, खानदेशात ‘रामराम’च्या पुढे ‘भो’ लागतो, आणि पुण्यात पिढ्यान्पिढ्या व्यापार करणारी मारवाडी कुटुंबे ‘राम-राम सा’ म्हणतात. स्त्रियांचा रामराम मात्र मला क्वचितच ऐकू आला आहे. गावाकडे बायका एकमेकींना सरळ नावाने किंवा नात्याने हाक मारून खुशाली विचारतात आणि निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतात. ‘रामराम’ हा गावाकडचा नमस्कार, असे सरसकट लिहिताना गावातल्या निम्म्या माणसांचा विचार सुटतो, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचे मोलाचे काम हाती घेतले आहे. त्याला पूरक म्हणून आपल्या वृत्तपत्राने जिल्ह्याजिल्ह्यांतील वार्ताहरांकडून अभिवादनांच्या नोंदी मागवाव्यात, अशी माझी विनंती आहे. नुसत्या शब्दांची यादी नको. आधी कोण म्हणतो, उत्तर काय मिळते, वडीलधाऱ्यांना आणि व्याह्यांना काय म्हणतात, बायका काय म्हणतात, आणि आजोबांच्या काळी कोणाला काय म्हणण्याची मुभा नव्हती, एवढे प्रत्येक नोंदीत यावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे